नामाच्या मुलीची तयारी

सोसायटीच्या ऑफिसात दुपारी तीन ते पाच कोणी फिरकत नाही, म्हणून मी तिथे मुलांकडून नोकरीच्या मुलाखतींची तयारी करून घेतो. रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी उद्योग लागतो, नाहीतर बायको भाजी निवडायला बसवते. माझी बायको सुनीती म्हणते, करून करून भागला आणि देवपूजेला लागला. ती थट्टेत म्हणते. म्हण किती बरोबर बसते ते तिला ठाऊक नाही.

तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात मी तीस वर्षं शिफ्ट सांभाळली. तिथल्या मुलाखतीत काय विचारतात ते मला पाठ आहे. मी पोरांना कडक बोलतो. पाय हलवू नकोस. समोर पाणी ठेवलं म्हणून घटाघटा पिऊ नकोस. प्रश्न कळला नाही तर परत विचार, अंदाज मारू नकोस. समोरच्याला तुझी हुशारी बघायची नसते, तुझ्या भरवशावर आपण घरी जाऊन झोपू शकतो का, एवढंच बघायचं असतं. हे सगळं मी फार रुबाबात सांगतो.

जागृती आली ती होळीनंतरच्या आठवड्यात. चोवीस वर्षांची, जवळच्या दिवाळे गावातली, सेफ्टीचा डिप्लोमा फर्स्टक्लासमध्ये पास. बायोडाटा हातात घेतला आणि वडिलांच्या नावापाशी माझी नजर अडकली. नामा भोईर. मुलाखत कुठे आहे विचारलं तर तिने माझ्याच कारखान्याचं नाव घेतलं. तिथल्या चार नंबरच्या टाकीत अकरा वर्षांपूर्वी नामा मेला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं की पोरी, मला वेळ नाही. पण चोराच्या मनात चांदणं. नाही म्हटलं तर ही कारण विचारेल, असं वाटलं आणि मी म्हणालो, बस.

"काका, मला ही नोकरी पायजेच," ती म्हणाली. "दुसरीकडे मी अप्लायच नाय केलं."

"का?"

"तिथेच माझे बाबा गेले. कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर होते."

मी बायोडाटा उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती, तरी बराच वेळ बघत राहिलो. मग नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. आमच्याच कंपनीत का यायचंय?

ती ताठ बसली. उत्तर तिने घरून तयार करून आणलं होतं. "माझे वडील ह्याच कारखान्यात परमिट न घेता टाकीत उतरले आणि गेले. त्यांनी नियम पाळला असता तर आज जिवंत असते. एका माणसाच्या निष्काळजीपणाने घर कसं उद्ध्वस्त होतं ते मी बघितलंय. दुसऱ्या कोणाच्या घरी ते होऊ नये म्हणून मला सेफ्टीत काम करायचंय."

उत्तर एक नंबर होतं. मेलेल्याच्या मुलीनेच येऊन सांगावं की चूक मेलेल्याची, ह्याहून त्या कारखान्याला काय हवं? फक्त ते खोटं होतं. आणि ते खोटं अकरा वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने लिहून दिलं होतं.

बंद टाकीत माणूस उतरवायचा तर शिफ्टवाल्याने मीटर घेऊन टाकीपाशी जायचं, आतली हवा मोजायची, ऑक्सिजनचा आकडा परमिटवर लिहायचा आणि मग सही करायची. हे पुस्तकात. आमच्याकडे सकाळी सात वाजता चहा पिता पिता दिवसभराची सगळी परमिटं टेबलावरच भरून टाकायची पद्धत होती. सगळ्यांवर आकडा एकच, वीस पॉइंट नऊ, म्हणजे आपल्या अंगणातली हवा. सगळे तसंच करायचे, मीही करायचो. वर्षानुवर्षं काही झालं नाही म्हणून तेच बरोबर वाटायला लागलं होतं. त्या दिवशी चार नंबरमध्ये आदल्या पाळीने सोडलेला नायट्रोजन तसाच होता. त्याला वास नाही, रंग नाही. दोन श्वासांत माणूस खाली बसतो आणि उठत नाही.

दुपारपर्यंत मॅनेजर सुभाषने परमिटच्या दोन्ही प्रती माझ्यासमोर फाडल्या. चौकशीत मी लिहून दिलं की नामा परमिट न घेता उतरला. तो प्यायलेला होता, हे कॉन्ट्रॅक्टरने वरून जोडलं. ते मी खोडलं नाही.

टाकीत उतरलेला माणूस थोड्या थोड्या वेळाने पान्याने पत्र्यावर दोनदा ठोकतो. बाहेरच्याला कळतं, आत सगळं ठीक आहे. त्या दिवशी नामाची टकटक आलीच नाही. तेव्हा आली नाही, ती मला आता ऐकू येते. गॅलरीतल्या पाइपात, लिफ्टच्या दारात, भरलेल्या सिलिंडरमध्ये. माझ्या कटकटीला कंटाळून सुनीतीने गेल्या वर्षी सगळे पाइप बदलून घेतले. प्लंबर म्हणाला, ह्यात काहीच नव्हतं. मी त्याला म्हणालो, ते मला माहीत आहे.

जागृती दिवसाआड येऊ लागली. ती ते उत्तर बोलायला लागली की ऑफिसातल्या लोखंडी कपाटातून आवाज यायचा. आतून, दोनदा. कपाटात सोसायटीच्या मीटिंगच्या वह्या आणि जुना लाउडस्पीकर ह्यांच्याखेरीज काही नाही, मी उघडून बघितलं आहे. तिला काही ऐकू यायचं नाही. ती बोलत राहायची आणि मी कपाटाकडे बघत राहायचो.

"हे उत्तर बदल," मी एक दिवस म्हणालो. "घरचं दुःख तिथे मांडायचं नसतं."

"तुमीच बोललात ना, जे आपल्याकडेच आहे तेच सांगावं? माझ्याकडे हेच आहे."

मी वैतागून तिला ढोबळ प्रश्न विचारत बसलो. ती विचार करताना पेनाने टेबलावर ठोकायला लागली. दोनदा. थांबून परत दोनदा.

"ते बंद कर," मी ओरडलो.

ती दचकली. "सॉरी काका. बाबांची सवय आहे. जेवायला वाढ म्हणून ते ताटावर असंच वाजवायचे. आई त्यावरून पण चिडते. तिच्यासमोर बाबांचं नाव नाय काढायचं. दारूपायी आम्हाला टाकून गेला, बोलते."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सुनीतीने विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, ऊन लागलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती शेवटची तयारी करायला आली. पोरगी तयार झाली होती. आवाज ठाम, हात मांडीवर, नजर समोर. मी कामाचा प्रश्न विचारला. "माणूस टाकीत उतरायचा आहे. सही तुझी. काय करशील?"

"मीटर घेऊन स्वतः टाकीपाशी जाईन. वर, मध्ये, तळाला हवा मोजीन. मग लिहीन, मग सही."

"सकाळी दहा परमिटं आहेत. कॉन्ट्रॅक्टर डोक्यावर बसलाय. वरिष्ठ म्हणतात, टेबलावर भर, इथे सगळे तसंच करतात."

"तरी जाईन. टेबलावर कोणाचा बाप मरत नाय, काका. टाकीत मरतो."

कपाटातून आवाज आला नाही. मी वाट बघितली. पंखा फिरत होता, खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, आणि कपाट गप्प होतं. नामा ऐकत बसल्यासारखा वाटला. मला भीती वाटली. मग मी बोलायला लागलो. सकाळचा चहा, वीस पॉइंट नऊ, नायट्रोजन, फाडलेल्या प्रती, माझा जबाब. एकदाही थांबलो नाही.

तिचा चेहरा हलला नाही. मीच शिकवलं होतं तसं. "मला नीट कळलं नाय," ती म्हणाली. "परत सांगा."

मी परत सांगितलं. ह्या वेळी जास्त वेळ लागला.

"म्हणजे बाबांकडे परमिट होतं."

"होतं. माझ्या सहीचं."

"उतरायच्या आधी ते काय बोलले?"

"विचारलं, साहेब, हवा बगितलीव ना. मी म्हणालो, बघितली, उतर."

तिने फाइल बंद केली, उठली. मला वाटलं आता थोबाडीत देईल, आणि दिली असती तर बरं वाटलं असतं. "चला," ती म्हणाली. "हे आईला सांगायचं."

दिवाळे आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. अकरा वर्षांत मी एकदाही त्या रस्त्याला गेलो नव्हतो, मासळी सुनीती आणायची. जागृतीची आई, पुतळा, घरासमोर बोंबील वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ती हात न थांबवता ऐकत होती. मग हात थांबले.

"त्यो पिऊन व्हता का?"

"नाही. माझ्यासमोर उभा होता. पूर्ण शुद्धीत होता."

"तुमी तवा बोललाव नाय."

"नाही."

ती खाली बसली. "अकरा वर्सं पितरांमदी मी त्याचा घास नाय ठेवला. सगल्यांचा ठेवला, त्याचा नाय. मी बोललू, दारू पी आनी ऱ्हा उपाशी." तिने पदर तोंडावर घेतला. "मी त्याला उपाशी ठेवला, साहेब."

जागृती तिच्याजवळ बसली. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी चालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता फोन वाजला. सुभाष. तो आता कारखान्याचा मोठा साहेब आहे, आणि पॅनलवर तोच होता.

"दिलीप, ती भोईरची मुलगी सांगते की परमिट होतं, सही तुझी होती आणि मी प्रती फाडल्या. नावानिशी सांगते." तो हसला. "मुलगी हुशार आहे. बाकीच्या दोघांना तीच हवी आहे. मी त्यांना म्हटलं, दुःखात माणूस काहीही धरून बसतो. तुला स्पीकरवर घेतो. तू एवढंच म्हण की असं काही झालं नव्हतं. जागा तिची. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला मोह झाला, हे लपवत नाही. आणि मोह सरळ नव्हता, तो तिच्या भल्याचं तोंड लावून आला होता. माझ्या एका वाक्याने नामाच्या मुलीला तिची नोकरी मिळत होती. मी गॅलरीतल्या पाइपाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आता वाजावं, म्हणजे काय करायचं ते तरी कळेल. पाइप वाजला नाही.

"घे स्पीकरवर," मी म्हणालो. मग म्हणालो, "ती खरं बोलते. सही माझी. हवा मी मोजली नव्हती. प्रती सुभाषनी फाडल्या तेव्हा मी समोर होतो."

फोन कट झाला. संध्याकाळी जागृतीला मेल आला, तुमची निवड झालेली नाही. तिने तो मला तसाच पाठवला, पुढे काही न लिहिता. मी तिला फोन करून सुभाषचं बोलणं सगळं सांगितलं. खोटं बोललो असतो तर तू आत असतीस, हेही सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला बाहेर बसवलेलं, पण त्या केबिनच्या काचेतून सगळं ऐकू येतं." मग थांबून म्हणाली, "उद्या दुपारी घरी या. आईने बोलावलंय."

मी गेलो. घरासमोर केळीच्या पानावर भात, डाळ आणि तळलेला निवटा मासा वाढून ठेवला होता. पितृपक्ष नव्हता, तिथी नव्हती. पुतळाने सकाळीच पान ठेवलं होतं. शेजारच्या पत्र्यावर एक कावळा बसला होता आणि खाली उतरत नव्हता.

"सगला बोलून झाला माझा," पुतळा म्हणाली. "पोरीला सांभालीन बोललू. माफ कर बोललू. शिवत नाय तो. तुमी बोला."

मी पानासमोर उभा राहिलो. हात जोडले. आजूबाजूच्या ओट्यांवर बायका बसल्या होत्या, त्या ऐकत होत्या. "नामा," मी म्हणालो, "मी हवा बघितली नव्हती. चूक माझी. तुझी नव्हती."

कावळ्याने मान वाकडी केली. जागचा हलला नाही. आम्ही तिघं बराच वेळ उभे होतो, भातावर माशा बसायला लागल्या.

"तोंडी नको आसल त्याला," पुतळा म्हणाली. "तवा पन हवा बगितली म्हनून तुमी त्याला तोंडीच सांगितलाव."

जागृती आत गेली आणि एक कोरा कागद आणि पेन घेऊन आली. "कारखाना निरीक्षकाच्या ऑफिसला," ती म्हणाली. "तारीख वर घाला. नाव पूर्ण लिहा, कारखान्याचं पण."

मी ओट्यावर बसलो, कागद मांडीवर घेतला आणि लिहायला लागलो. कावळा पत्र्यावरच होता.