सातवा खांब

चहाच्या टपरीतून मामींनी चार बोटं वर केली आणि दुसऱ्या हाताने चटकन कपांच्या ट्रेवर ताट पालथं घातलं. "चौथा!"

सुतारमामांनी मान वर केली. डोक्यावर लाकडी स्टँडच्या फळ्या होत्या आणि फळ्यांवर दोन हजार माणसांचे पाय. त्या मैदानाची एक रीत होती. आपल्या संघाने पहिला गोल केला की सगळ्या स्टँडने मिळून एकदा पाय आपटायचा, दुसऱ्याला दोनदा, तिसऱ्याला तीनदा. रीत जुनी होती आणि आजवर तिचा कुणाला त्रास नव्हता, कारण क्लब गोल करायचा तो वर्षाकाठी पाहुणा यावा तसा. यंदा मात्र पोरांच्या पायांत काय संचारलं होतं, देव जाणे. खालच्या गटात खितपत पडलेला क्लब एकामागून एक सामने मारत सुटला होता.

एक. दोन. तीन. चार.

मामांनी ते ऐकलं नाही, पाहिलं. चार वेळा फटींतून धुळीचा पडदा उतरला, चार वेळा ताटावर बारीक कचरा उडाला आणि सातव्या खांबाच्या बुडाशी पिवळसर भुशाची एवढीशी ढिगुली आणखी थोडी वाढली. मामांनी ती बुटाने हळूच पसरवली आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघितलं नव्हतं.

"अहो, तोंड मिटा, धूळ जाईल," मामी म्हणाल्या. "चार गोलांनी जिंकतोय आपण, आणि तुमचं तोंड बघा. जसं काही कुणाला पोचवून आलात."

मामा हसले. जे नीट ऐकू आलं नाही त्याला हसून उत्तर द्यायची सवय त्यांना दोन वर्षांत चांगलीच जडली होती.

एकतीस वर्षं ते क्लबचे सुतार होते. खुर्च्या, दारं, गोलाचे खांब, सगळं बघायचे; पण त्यांचं खरं काम स्टँडखालचं. घरच्या मैदानावर सामना असला की सकाळी लाकडी हातोडा घेऊन खाली उतरायचं, पहिल्या खांबाला कपाळ टेकवून देवाचं नाव घ्यायचं आणि मग चाळीसच्या चाळीस खांबांवर एकेक ठोका मारून कान द्यायचा. वडिलांनी शिकवलं होतं, "लाकडाला डोळ्यांनी विचारू नकोस. रंग लावला की ते नटतं. कानाने विचार, ते खोटं बोलत नाही." ठोके झाले की कचेरीतल्या वहीत एक ओळ लिहायची, "ऐकून तपासले. ठीक आहे," आणि खाली सही.

दोन वर्षांपूर्वी खांबांचे आवाज बसू लागले. मामांना वाटलं, लाकूड ओल धरतंय. मग वाटलं, हातोडा जुना झाला. त्यांनी नवा घडवला. मग एका रविवारी प्रार्थनेच्या वेळी शेजारचा गाणारा सोबती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "सुतारा, आज तुझा सूर कुठे हिंडतोय रे?" तेव्हा मामांना उमगलं. लाकूड तेच होतं, हातोडाही बरा होता. उतरला होता तो कान.

तरी वहीत ओळ तीच राहिली. आधी लाजेने, मग भीतीने, कारण न ऐकणाऱ्या कानाला कोण पगार देतो? आणि मग संघ जिंकायला लागला. आता तोंड उघडायचं म्हणजे साऱ्या गावाच्या पानात माती कालवायची. अणकुचीदार टोच्या मारून बघता आलं असतं. पिशवीतच असायचा तो. पण रंगावर भोक पडलं की कुणीतरी विचारणार. आणि त्याहून खरं म्हणजे, टोच्या काय सांगेल याचीच मामांना धास्ती. भीतीचं असंच असतं. औषध उशाशी असतं आणि बाटलीचं बूच काढवत नाही.

म्हणून ते सामना बघेनासे झाले. स्टँडखाली उभे राहून वर बघायचे. आणि साठीला आलेला हा देवभोळा माणूस, ज्याने जन्मभर याच संघासाठी हात जोडले, तो आता मनात म्हणायचा, "देवा, आज गोल नको. झालाच तर एकच होऊ दे. एकच पाय आपटला जाऊ दे." असलं मागणं मागताना जीभ जड व्हायची, तरी मागावंच लागायचं. कारण बरोबर त्या सातव्या खांबाला टेकून मामींची टपरी होती.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दोघं प्रवचनाला गेले. गाऊन प्रवचन सांगणारे ते बुवा मामांना प्राणाहून प्रिय. हल्ली मामा मागची जागा सोडून अगदी पुढ्यात बसायचे. बुवांनी त्या दिवशी भीतीचा विषय घेतला होता. "भीती मनात कोंडली की ती वाळवी होते," ते गाऊन म्हणाले. एवढं मामांना लख्ख ऐकू आलं. पुढचं वाक्य बुवांनी मान पलीकडे वळवून म्हटलं आणि सगळी सभा डोलली. मामाही डोलले.

परतताना रस्त्यात मामांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाळवी होते, आणि पुढे काय म्हणाले गं?"

मामी चालायच्या थांबल्या. "पुढचं तर केवढ्याने म्हणाले! दोनदा म्हणाले. तुम्ही मान काय म्हणून हलवत होतात?"

मामा पुढे चालू लागले.

"अहो." मामी त्यांच्या उजव्या बाजूला होत्या, त्या वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आज भाजीत मीठ नव्हतं." मामा समोर बघत चालत राहिले. मामींनी दंड धरून त्यांना थांबवलं. "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि खांब?"

मामांनी नुसती नकाराची मान हलवली. मामींनी पदर तोंडाला लावला. मग पदर सोडला आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "भीती चारचौघांत आणली की ती राखणदार होते. असं म्हणाले बुवा. आता चला घरी. उद्या सकाळी मी येते तुमच्याबरोबर खाली."

"तू येऊन काय करणार? तुला लाकडातलं काय कळतं?"

"लाकडातलं नाही कळत. किटलीतलं कळतं."

आणि ते खरंच होतं. बावीस वर्षं मामींनी किटलीचं झाकण उघडून कधी पाहिलं नव्हतं. चमच्याने एक टिचकी मारली की त्या सांगायच्या, "सात कप आहेत," आणि सातच निघायचे.

सकाळी मैदान मोकळं होतं. चुना मारणारा माणूस रेघा ओढत होता, तेवढाच. स्टँडखाली मामांनी पहिल्या खांबाला कपाळ टेकवलं आणि ठोका मारला. मामींनी कान लावला.

"भरलंय."

दुसरा. "भरलंय." तिसरा, चौथा. पाचव्याला त्या म्हणाल्या, "पुन्हा मारा," आणि मग, "भरलंय." सहावाही भरलेला निघाला. मामांना जरा धीर आला. हातोडा हातात हलका वाटू लागला.

सातव्यावर ठोका पडला आणि मामींचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

"रिकामं," त्या म्हणाल्या. मामांनी ओठ वाचले. "अहो, थेंबसुद्धा नाही."

आठवाही रिकामा, नववाही. पुढचे सगळे भरलेले. मामांनी पिशवीतून टोच्या काढला आणि सातव्याच्या पाठीमागे, रंगावर टेकवून नुसता दाबला. टोच्या मुठीपर्यंत आत गेला.

सेक्रेटरीसाहेब कचेरीत नव्या शर्टाची गुंडी लावत होते. मामांनी सगळं सांगितलं; खांबांचं, कानाचं आणि वहीचं. साहेबांचे हात गुंडीवरच थांबले.

"मामा, आजच? अठ्ठावीस वर्षांनी वर चढायची पाळी आली, आणि आजच तुमचा कान जायचा होता?"

"कान दोन वर्षांपूर्वीच गेला साहेब. आज मी सांगितलं."

"वरच्या गटाचे लोक येणार आहेत बघायला! बसायला धड स्टँड नाही म्हटलं तर जिंकूनही चढू देत नाहीत, नियम आहे. आणि किटली वाजवणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून मी..."

"टोच्या अजून खांबातच आहे," मामा म्हणाले. "आपण बघून घ्या. तुमच्या आई कुठे बसतात, आठवतंय ना? जिन्याच्या उजव्या हाताला, दुसरी रांग. खाली सातवाच येतो."

साहेबांनी गुंडी लावून टाकली. मग म्हणाले, "बंद करा. दोर बांधा. पाटी लावा, 'रंगकाम चालू.' पण आज कुणापुढे ब्र काढायचा नाही. तुम्ही नाही, मामींनीही नाही. उद्याचं उद्या."

पाटी लागली. पाहुणे मंडळींना मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकल्या, बाकीचं गाव गवताच्या उतारावर दाटीवाटीने उभं राहिलं. मामा दोरापाशी, जिन्याच्या तोंडाशी उभे. टपरी त्यांनी सकाळीच उचलून पार झाडाखाली नेली होती.

"काय मामा, आजचाच मुहूर्त मिळाला रंगाला?" उतारावरून भोंगा ओरडला. भोंगा म्हणजे गावचा खाटीक; नाव आवाजावरून पडलेलं. पाय आपटायची सुरुवात नेहमी तोच करायचा आणि आवाज असा, की मामांनाही ऐकू यायचा. "कुठला रंग लावताय? तुमच्या तोंडासारखा पांढरा का?"

लोक हसले. मामाही हसले. हातोडा त्यांनी अजून हातातच धरला होता.

सामना शून्य-शून्य बरोबरीत रडत चालला होता. बरोबरी म्हणजे पुन्हा खालचाच गट. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मामांनी, किती महिन्यांनी कोण जाणे, पहिल्यांदा मैदानाकडे पाहिलं. कोपऱ्यातून चेंडू उचलला गेला. आपल्या बचावफळीतल्या थोराड पोराने डोकं घातलं, आणि जाळी फुगली.

आवाज आला असेलच. मामांना दिसली ती फक्त तोंडं. हजारो उघडी तोंडं, आणि गवतावर उड्या मारणारी माणसं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते पुसायच्या आतच त्यांनी पाहिलं, की ती तोंडं त्यांच्याकडे येतायत. पाय आपटायचा होता. गवतावर पाय आपटून काय होणार? गोल झाला की फळी वाजली पाहिजे! सगळ्यांत पुढे भोंगा, त्याच्यामागे सारा उतार. दोर तुटला. पाटी पायाखाली गेली.

"थांबा!" मामा ओरडले. "वर जाऊ नका!"

भोंग्याने त्यांना मिठी मारून बाजूला केलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दूर साहेब ओठांवर बोट ठेवून मान हलवत होते. मामांना ते दिसलं. झाडाखाली मामीही दिसल्या, किटली छातीशी धरून उभ्या.

मामा वळले आणि सातव्या खांबावर त्यांनी एकतीस वर्षांत मारला नव्हता असा घाव घातला.

हातोडा परत आला नाही. रंगाचा पापुद्रा फुटला आणि हातोडा डोक्यासकट खांबात शिरून तिथेच राहिला. भोकातून भुसा वाहू लागला, फाटक्या पोत्यातून वाहावा तसा. आणि त्यात वळवळणारी पांढरी वाळवी.

भोंग्याने पायरीवरचा पाय हळूच खाली घेतला.

"बघा," मामा म्हणाले. आपला आवाज केवढा निघतोय हे त्यांना कळत नव्हतं. पार टोकापर्यंत गेला, असं मागाहून लोक सांगत. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं येत नाही. दोन वर्षं मी ऐकल्याची खोटी सही केली आणि तुम्हाला यावर नाचवलं. मला काय म्हणायचं ते म्हणा. पण वर जाऊ नका."

मग भोंग्याने मागे वळून दोन्ही हात पसरले आणि तो गर्दी मागे ढकलू लागला. "मागं सरा! मागं सरा रे, बायाबापड्या आहेत!" उतारावर परतल्यावर त्याने एकदाच, हलकेच, गवतावर पाय ठेवला.

क्लब वर चढला. वरच्या गटाचे लोक पुन्हा आले, खांब बघून गेले, साहेबांना बरंच बोलले, आणि अट घालून मान्यता दिली. नवा स्टँड लोखंडाचा हवा. लोखंडाला सुतार लागत नाही. साहेबांनी मामांना शाल वगैरे काही दिली नाही, की पोलिसांतही दिलं नाही. "वही तेवढी पुरी करून द्या," इतकंच म्हणाले.

जुना स्टँड पाडायच्या दिवशी मामा कचेरीत गेले. शेवटच्या सामन्याची ओळ कोरीच होती. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं, "ऐकून तपासले. सात, आठ, नऊ रिकामे. बाकी ठीक." खाली सही केली. मग थोडं थांबून, सहीच्या वर जागा होती तिथे, बारीक अक्षरांत लिहिलं, "ऐकणारी : चहावाली."

बाहेर मामी झाडाखाली उभ्या होत्या. त्यांनी किटलीवर चमच्याने टिचकी मारली आणि मामांच्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरली : दोन कप.