रक्त साफ निघालं

नव्या रायपूरच्या प्रयोगशाळेची गाडी महिन्यातून एकदा दयारामजी मेश्रामांना न्यायला दारात यायची, आणि त्या सकाळी ते नव्या नवरदेवासारखे नटून बसायचे. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेला माणूस. पोरगा यशदीप पुण्याला. फोनवर बापाचं मराठी ऐकायचा आणि हिंदीत उत्तर देऊन मोकळा व्हायचा. कॉलनीत मराठी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. महिनाभर तोंडाला कुलूप, आणि किल्ली पायलकडे.

पायल प्रयोगशाळेत कामाला, मूळची भंडाऱ्याची. विसराळूपणाच्या आजाराची खूण रक्तात सापडते का, हे तिथे शोधत होते आणि तुलनेला धडधाकट म्हातारे हवे होते. दयारामजी त्यातले. नळीभर रक्त द्यायचं, मग चहा, मग पायलचे मराठीतून प्रश्न. आज वार कोणता, घरी कोण असतं. घरी कोण असतं हे तर दुसरं कोणी विचारतच नव्हतं.

या खेपेला नवीनच प्रकार होता. नखाएवढी काचेची पट्टी, तिच्यात केसाहून बारीक नाल्या. "आता एक थेंब बस झाला काका," पायल म्हणाली. "तासाभरात कळते. खूण दिसली त्यायले बोलावत राहू. बाकीच्यायले सुट्टी."

सुट्टी! म्हणजे दयारामजींची गाडी बंद, पायलही बंद. पण जन्मभर बिघडलेले डबे ठीक केलेला माणूस. चांगलं बिघडवणं त्याला काय अवघड? रक्त काय बोलेल ते बोलो, तोंड तर आपल्या ताब्यात. बोटाला सुई टोचून झाली, प्रश्न सुरू झाले, तसे ते धडाधड चुकत गेले. वार चुकवला. लक्षात ठेवायला दिलेले शब्द गिळून टाकले.

"काकूचं नाव?"

इथे मात्र जीभ अडली. मग म्हणाले, "आठवून नाही राहिलं."

बोलले आणि स्वतःचीच लाज वाटली. जिनं जन्मभर डबा भरून दिला, तिचं नाव या माणसानं कपभर चहासाठी विकलं. पायल घाबरली, त्यांचा हात हातात घेऊन बसली. कोणी हात धरला याचं सुख एवढं, की त्यांनी लाजेलाही गप्प बसवलं.

तासाभरानं ती संगणकाच्या पडद्यापाशी जाऊन हसतच परत आली. "काका, रक्त एकदम साफ! काहीच नाही निघालं."

दुसऱ्या कोणाचा जीव भांड्यात पडला असता.

"थोडंबी नाही?" दयारामजींनी विचारलं.

पायलचं हसू थांबलं. "मग काकूचं नाव काहून नाही आलं?"

"सरिता," ते म्हणाले. "माहीत आहे मले. तुमी बोलावणं बंद कराल म्हणून..."

पायलचे डोळे भरले. "ते माझ्या हातात नाही, काका."

मग तिनं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं, आणि दयारामजींना खुर्ची सोडावी लागली.