चौदा तारखेचा आकडा

शेजारच्या नागाई-सान यांनी कागदांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि चहाला हात न लावता विचारलं, "हे तुमचंच ना?"

मोरेश्वरांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

गावातल्या कचरा जाळायच्या भट्टीच्या धुराचा तो अहवाल होता. सरकारी कागद मागायचा हक्क नगरपालिकेनं नुकताच लोकांना दिला होता, म्हणून नागाई-सान यांनी रीतसर अर्ज केला आणि तीन आठवडे वाट पाहिली. अहवाल मिळाला, पण जिथे जिथे माणसाचं नाव होतं, तिथे तिथे काळी पट्टी मारलेली. तपासणारा, मंजुरी देणारा, सगळे पट्टीखाली गडप. फक्त मोजणाऱ्याच्या चौकटीत, प्रत्येक पानावर, एक गोल शिक्का शाबूत राहिला होता. त्यात 'मो' असं देवनागरी अक्षर होतं.

पट्ट्या मारणाऱ्या कारकुनाला ते नाव वाटलंच नाही. कंपनीचं चिन्ह समजून त्यानं ते सोडून दिलं होतं.

जपानात सहीच्या जागी शिक्का चालतो. अकरा वर्षांपूर्वी मोरेश्वर पुण्याहून इथल्या लहानशा प्रयोगशाळेत नोकरीला आले, तेव्हा शिक्केवाल्यानं कुठलं अक्षर कोरू म्हणून विचारलं आणि त्यांनी लाजत लाजत कागदावर 'मो' काढून दिला. आयुष्यातली एवढीच काय ती हौस. तो शिक्का ते ऑफिसात मारत, आणि इमारतीतल्या घराघरांतून फिरणाऱ्या सूचनांच्या फायलीवरही, 'वाचलं' म्हणून. ती फाइल त्यांच्याकडून शेजारी नागाई-सानकडे जायची. सगळ्या गावात हा शिक्का ओळखू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते भिंतीपलीकडे राहत होतं.

"माझाच," मोरेश्वर म्हणाले. खोटं सुचायला थोडा वेळ लागतो, तो त्यांनी घेतला नाही.

नागाई-सान यांनी आवाज चढवला नाही. त्यांच्या गॅलरीतून भट्टीचं धुराडं दिसायचं. चौदा ऑक्टोबरला मोजणीची गाडी दिवसभर तिथे उभी होती आणि अकरा नोव्हेंबरला पुन्हा आली, हे त्यांनी पाहिलं होतं. अहवालात फक्त अकरा नोव्हेंबर होतं. चौदाचं मागितलं, तर असा कागद अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं.

"आमची युको बाळंतपणाला माहेरी आली आहे, बाळ आत्ताच झालंय," त्या म्हणाल्या. "धुरातलं हे विष आईच्या दुधात उतरतं, असं रोज छापून येतंय. बाळाला अंगावर पाजायचं की डब्यातलं द्यायचं, एवढंच मला ठरवायचंय. शनिवारी शाळेत भट्टीची सभा आहे. मी चौदा तारखेचं विचारणार. तुमचं नाव मात्र घेणार नाही, मोरे-सान."

त्या गेल्यावर मोरेश्वरांनी तो निवलेला चहा ओतून टाकला.

मोजणीचा दिवस भट्टीवाल्यांना आधी कळवायची पद्धत होती. त्या दिवशी ते कोरडा, निवडलेला कागद जाळत आणि धूर असा निघे की बघत राहावं. ऑक्टोबरात तेरा तारीख ठरली होती. वाटेत गाडी बिघडली, आणि मोरेश्वर कोणालाही न कळवता दुसऱ्या दिवशी जाऊन मोजून आले. भट्टीत तेव्हा ओला कचरा, प्लॅस्टिक, रोजचं सगळं जळत होतं. धुरातल्या विषाची मर्यादा ऐंशीची. आकडा आला दोनशे बारा.

विभागप्रमुख कुराता-सान यांनी तो दोनदा वाचला. यंत्र नीट बसलं नसेल, पुन्हा मोजू, म्हणाले. पुन्हा मोजल्यावर एकतीस आला. पहिला कागद फाडायच्या यंत्रात गेला आणि दुसऱ्यावर मोरेश्वरांनी शिक्का मारला.

कुराता-सान माणूस म्हणून वाईट नव्हते. धुराड्याच्या शिडीवर पट्टा कसा बांधायचा, हे त्यांनीच शिकवलं होतं. व्हिसाच्या कागदांवर दर वेळी हमी त्यांचीच असे. लेकीचं, नुपूरचं, अपेंडिक्स काढलं, त्या दिवशी ते अर्धा दिवस रजा टाकून दवाखान्यात येऊन बसले होते.

त्यांची बायको सुमेधा जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यातलं अर्धवेळ काम आटपून आली, तेव्हा मोरेश्वरांनी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ धूत ऐकत होती.

"एप्रिलात व्हिसा आहे, अहो."

"माहीत आहे."

"नोकरी गेली तर व्हिसा कोण देणार? आणि तुम्ही बोलणार, तेही चारशे लोकांत? किडकी भाजी परत करायला मला पाठवता तुम्ही."

नुपूर कोपऱ्यात अभ्यास करत होती. मान वर न करता ती जपानीत म्हणाली, "बाबांनी न वाचताच मारला असेल शिक्का."

"वाचून मारला," मोरेश्वर म्हणाले.

नुपूरनं मान वर केली. मग पुन्हा वहीत घातली.

सुमेधानं कुकर लावला. ओट्यावर अळिवाचा डबा काढलेला होता. पुण्याहून आलेले अळीव, युकोला लाडू करून द्यायचे म्हणून. अळिवानं दूध वाढतं. तिनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि डबा पुन्हा वरच्या फळीवर ठेवून दिला.

"किती आला होता आकडा?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"दोनशे बारा."

"मला सांगितलात ना? मग युकोला सांगायला काय झालं?"

शनिवारी दुपारी शाळेच्या जिममध्ये घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चपला-बूट दाराशी काढून सगळे शाळेच्या स्लिपर घालून बसले होते. हीटर दोनच होते, ते अधिकाऱ्यांच्या बाजूला. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यानं तासभर तक्ते वाचले. सगळं मर्यादेच्या आत होतं. त्याच्या मागे कुराता-सान गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

नागाई-सान उठल्या. चौदा ऑक्टोबरला काय मोजलं, एवढंच त्यांनी विचारलं. त्या तारखेची नोंद नगरपालिकेकडे नाही, अधिकारी म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फक्त जास्त वाकून. त्या उभ्याच राहिल्या. मोरेश्वर बसले होते त्या बाजूला त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

त्यांनी पाहिलं असतं, तर कदाचित मोरेश्वर बसून राहिले असते.

ते उठले. माइक हातात आला, पण पहिलं वाक्य माइकलाही ऐकू गेलं नाही. मग ते म्हणाले, "चौदा ऑक्टोबरला मी मोजलं होतं. दोनशे बारा."

जिममध्ये कोणी ओरडलं नाही. अधिकाऱ्यानं अतिशय नम्रपणे विचारलं, "तसा कागद आहे आपल्याकडे?"

"नाही. कागद राहिला नाही. आकडा पाठ आहे."

आपलं म्हणणं संदर्भासाठी टिपून घेतलं जाईल, असं अधिकारी म्हणाला, आणि त्यानं काही टिपलं नाही. पण मोरेश्वरांच्या आजूबाजूच्या खुर्च्यांवर माना खाली गेल्या होत्या. बायका हातातल्या पत्रकांच्या कोपऱ्यांवर आकडा लिहून घेत होत्या. कोणीतरी शेजारणीला हळूच विचारलं, दोनशे बाराच ना? मागच्या भिंतीशी युको बाळाला थोपटत उभी होती. तिचा हात थांबला. मग तिनं बाळाची टोपी कानांवर ओढली आणि दार उघडून ती बाहेर गेली.

सभा संपल्यावर दाराशी बुटांच्या कप्प्यांपुढे गर्दी झाली. मोरेश्वर येताच लोक बाजूला होऊन वाट देत होते. ती आदरानं देत होते की आणखी कशानं, हे त्यांना कळेना. सुमेधा त्यांचा कोट धरून बाहेर उभी होती.

कप्प्यापाशी कुराता-सान वाकून बूट चढवत होते. हातात टाचेशी धरून बूट चढवायचा त्यांचा पितळी शूहॉर्न होता. अकरा वर्षं कुठल्याही कामावरून निघताना स्वतःचे बूट चढवून झाले, की ते तो मागे वळून मोरेश्वरांच्या हातात देत.

ते सरळ उभे राहिले. "सोमवारी धुराड्यावर दुसऱ्या कोणाला पाठवतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"हो," मोरेश्वर म्हणाले.

कुराता-सान यांनी शूहॉर्न त्यांच्या हातात दिला नाही. दोघांच्या मधल्या फळीवर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि ते निघून गेले.

मोरेश्वरांनी तो उचलला. पितळ अजून कोमट होतं. त्यांनी सावकाश डावा बूट चढवला, मग उजवा, आणि शूहॉर्न होता तसा फळीवर सरळ करून ठेवला.