घरी गेलेली घंटा

या मित्रांनो, जरा जवळ सरका. एके काळी माझा आवाज समुद्रावर मैलभर जाई, पण आजची गोष्ट मला हळूच सांगायची आहे.

मी एक जुनी घंटा आहे. ऑलंड बेटांमधल्या ग्रोहोल्म नावाच्या लहानशा बेटावर, चर्चशेजारच्या लाकडी मनोऱ्यात मी टांगलेली असते. माझा जन्म मात्र पलीकडे स्वीडनमध्ये झाला. तांबे आणि कथील वितळवून मला साच्यात ओतलं, आणि मग गवताच्या गादीवर ठेवून शिडाच्या होडीतून इकडे आणलं. तेव्हा ही बेटं स्वीडनचीच होती. त्यामुळे वाटेत माझे कागद कुणी विचारले नाहीत.

दोनशे वर्षं मी देवाची चाकरी केली. रविवारी माणसं बोलावली, धुक्यात चुकलेल्या होड्यांना किनारा दाखवला. पण माझं खरं काम वेगळंच. आमच्याकडे कुणी देवाघरी गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्याच्या जिवासाठी घंटा वाजवतात. जाळं ओढणारा हात थांबतो, टोप्या उतरतात, शेगडीवरची कढई बाजूला सरते. पण वाजवायचं ते त्याच दिवशी. नंतर वाजवून काय उपयोग? तोवर जीव पुढे निघून गेलेला असतो.

माझा दोर एकेचाळीस वर्षं आल्गोटच्या हातात होता. तो अबोल, हट्टी आणि मनापासून देवभोळा माणूस. बेटावरच्या प्रत्येक घरचा निरोप त्यानेच माझ्याकडून वाजवून घेतला होता. त्याची बायको सिग्ने, ती मनोऱ्याच्या पायऱ्यांवर बसून विणकाम करायची आणि गाणी गुणगुणायची. त्यांचं सगळं बोलणं मला वर ऐकू येई.

एका कडाक्याच्या हिवाळ्यात माझ्या अंगाला भेग पडली. आवाज फाटला. त्याच हिवाळ्यात सिग्नेचं दुखणंही डॉक्टरांच्या हाताबाहेर गेलं.

“उन्हाळ्यापर्यंत आहे म्हणतात मी,” ती पायरीवर बसून म्हणाली. “आल्गोट, एक सांगून ठेवते. मला या फुटक्या कढईने वाटेला लावू नकोस हं. वर गेल्यावर लोक हसतील मला.”

“हसू देत,” आल्गोट म्हणाला.

“तुला काय जातंय? दोर ओढून ओढून तू अर्धा बहिरा झालास. मला कान आहेत.”

दुसऱ्याच दिवशी आल्गोटने मला खाली उतरवायला माणसं बोलावली.

मित्रांनो, आता थोडं नीट ऐका. देशोदेशी वस्तूंवर आणि कामांवर एक कर असतो. वस्तू जिथे वापरायची, तिथला कर तिने द्यायचा, अशी त्याची रीत. म्हणून देशाबाहेर निघालेल्या वस्तूवरचा कर उतरतो आणि आत आलेल्या वस्तूवर इथला कर चढतो. आमची बेटं तर फिनलंडची असूनही या कराच्या बाबतीत कुंपणापलीकडची. फिनलंडच्या मुख्य भूमीवरून सिग्नेने लोकरीचे तीन गुंडे मागवले, तरी ते परदेशातून आल्यासारखे लिहून द्यावे लागत. “माझ्या मोज्यांना पासपोर्ट लागतो,” असं ती म्हणायची.

या नियमात एक सवलत आहे. दुरुस्तीला बाहेर गेलेली वस्तू परत आली, तर कर फक्त दुरुस्तीवर. पण त्यासाठी जाताना कागदावर लिहावं लागतं, की ही वस्तू परत येणार आहे.

कागद आल्गोटने भरला. “कुठे आणि कशासाठी” असं एका रकान्यात विचारलं होतं. मी जन्मले ते गाव पलीकडचं, आणि बेटावरचे जुने लोक अजूनही मला ‘पलीकडची मुलगी’ म्हणतात. म्हणून त्याने सुंदर, टपोऱ्या अक्षरात लिहिलं : “घरी जाते आहे.”

त्याच्या दृष्टीने ते माहेरपण होतं. चार दिवस राहून येणारच ना मुलगी!

पलीकडच्या कारागिरांनी माझी भेग सांधली. माझा आवाज पूर्वीसारखा स्वच्छ झाला. मी जहाजातून परत आले आणि आमच्या बेटांच्या मुख्य गावी, मारिएहाम्नच्या धक्क्यावर, जकातीच्या गोदामात थांबले. तिथे बोर्ये नावाचा माणूस कागद पाहायचा. त्याने आल्गोटला बोलावून घेतलं.

“आल्गोटकाका, इथे लिहिलंय की घंटा घरी गेली. म्हणजे कायमची गेली. आता जी आली आहे, ती माझ्या लेखी परदेशातून विकत आणलेली नवी घंटा. पूर्ण किमतीवर कर बसेल.”

“बोर्ये, तुझ्या बापाला हिनेच निरोप दिला. दोर माझ्या हातात होता. तू खाली उभा राहून रडत होतास.”

“मला माहीत आहे हो काका. पण ते कागदाला माहीत नाही.”

आमच्या चर्चच्या पास्टर इंगेला सोबत आल्या होत्या. समजूतदार बाई. त्या म्हणाल्या, “आल्गोट, चर्चच्या मंडळाने कराच्या पैशांना मंजुरी दिली आहे. भरून टाकू आणि आजच्या जहाजाने घेऊन जाऊ.”

“आणि सही कशावर करू? ही परकी आहे, नवी आहे, यावर? चर्चच्या घंटेबद्दल मी खोटी सही करणार नाही. मी चुकीचं लिहिलं, तर ते मीच दुरुस्त करून आणीन.”

“सिग्नेची तब्येत...”

“उन्हाळ्यापर्यंत वेळ आहे,” आल्गोट म्हणाला.

त्याने पत्र लिहिलं. पास्टरबाईंनी जुन्या दप्तरातली माझी नोंद जोडली. पत्र वरच्या कचेरीत गेलं आणि आपल्या पाळीची वाट पाहू लागलं. मी लाकडी फळ्यांवर, गळ्यात चिठ्ठी बांधून बसून राहिले. माझ्या एका बाजूला टायर होते, दुसऱ्या बाजूला कुणाचीशी नवी होडी.

सिग्ने उन्हाळ्यापर्यंत थांबली नाही. एप्रिलच्या शेवटी, समुद्रातलं बर्फ नुकतं फुटलं होतं तेव्हा, ती गेली.

दुसऱ्या दिवशी आल्गोट पहिल्या जहाजाने गोदामात आला. अंगात काळा कोट होता. बाराला पाच कमी होते. बोर्येने त्याला पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

“काका, कागद अजून आलेला नाही. पण वाजवायला माझ्या परवानगीची गरज नाही. मी दार उघडं ठेवतो.”

“जमिनीवर टेकलेली घंटा वाजत नाही रे बाळा,” आल्गोट म्हणाला. “नुसती खणकते.”

तरीही तो गुडघ्यांवर बसला. बरोबर बारा वाजता त्याने हातातल्या लग्नाच्या अंगठीने मला एकदा ठोकलं.

मित्रांनो, मी जीव एकवटला. दोनशे वर्षांत मी इतकी कधी झटले नव्हते. पण माझा काठ फळीवर टेकलेला होता, आणि माझ्यातून निघाला तो ओट्यावर कढई ठेवल्याचा आवाज.

आल्गोटने तो ऐकला. “हसली असेल ती,” तो म्हणाला, आणि त्याने कपाळ माझ्यावर टेकवलं.

चारच दिवसांनी उत्तर आलं. चूक मान्य झाली, मी जुनीच ठरले, कर फक्त सांधकामावर बसला. त्याच आठवड्यात मी मनोऱ्यात चढले. लोक म्हणाले, आवाज काय गोड झालाय! पास्टरबाई म्हणाल्या, “आल्गोट, उशिरा का होईना, तिच्यासाठी वाजव. देव दिवस मोजत नाही.” त्याने दोर हातात घेतला, आणि पुन्हा खुंटीला गुंडाळला.

पुढे तोही गेला. त्याच्यासाठी मी वाजले, दुसऱ्याच दिवशी, बारा वाजता, स्वच्छ आवाजात. सगळं बेट थांबलं होतं.

मित्रांनो, आपल्या जिव्हाळ्याची वस्तू दूर पाठवाल, तेव्हा तिच्या कागदावर आधी साध्या शब्दांत लिहा : ही परत येणार आहे. आणि कुणाच्या निरोपाची घटका जवळ आली असेल, तर सहीसाठी अडून बसू नका.

आणि कुठे घंटा ऐकलीत, तर क्षणभर थांबून सिग्नेची आठवण ठेवा. तिच्यासाठी वाजायचे होते ते टोले अजून माझ्या पोटात आहेत.