पहिल्या पानावरचं नाव

चैत्राची पहाट मधुगंधाने जडावली होती. मोहाची फुलं टपटप गळत होती. पीतधवल, रसभारित, दवात न्हालेली. वनाच्या कडेला वसलेल्या त्या चिमुकल्या वस्तीत, त्या टोल्यात, अंगणाअंगणांत वेचलेल्या फुलांचा सडा पसरला होता, आणि त्या सड्यावरून केशरकोवळं ऊन हलकेच सरकत होतं. अशा सकाळी कुणी वाईट बातमी ऐकायला येत नाही.

डॉ. मालविका दाबके तर शुभवार्ता घेऊन आली होती. दूर शहरातल्या काचमंडित प्रयोगशाळेत, याच टोल्यातल्या माणसांनी दिलेल्या रक्तातून तिने एक औषध शोधलं होतं. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी विळ्यागत वाकतात, वाटेत अडतात, हाडाहाडांत वेदनेचा वणवा पेटवतात. ते वाकणं या औषधाने थांबावं, अशी तिची उमेद होती. आता ते रुग्णांना देऊन पाहायची परवानगी मिळाली होती. हातात संमतिपत्रं होती, आणि यादीत सर्वांत वर नाव होतं फुलमा कुमरे हिचं, वय वर्षं अकरा.

“फुलमा कुठंय?” तिने हसून विचारलं.

फुलमाची आई बिजाबाई फुलं पसरत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“भादव्यात गेली, बाई. तीन दिवस हाडं लई दुखली. मंग गेली.”

भाद्रपद! मालविकेच्या मनात महिने उलटे धावू लागले. आणि धावत धावत, भाद्रपदही ओलांडून, मागच्या वर्षीच्या माघाशी येऊन ते थबकले, कारण औषध माघातच तयार झालं होतं.

तयार झालं होतं, आणि थांबलं होतं. अर्जाच्या पहिल्या पानावर प्रमुख संशोधक म्हणून एकच नाव लिहायचं असतं. मालविका म्हणाली, शोध माझा. या भागातल्या रुग्णालयाचे डॉ. बोधनकर म्हणाले, रुग्ण माझे. दोघांच्या सह्यांवाचून फाईल परवानगी देणाऱ्या समितीपुढे जाईना. बैठक झाली, चहा झाला, पुन्हा बैठक झाली. ‘चर्चा व्हावी’ असा शेरा तिने मारला. ‘चर्चा झाली, सहमती नाही’ असा त्यांनी. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तो तिसरा रोग होता.

वर्षभर, दोघांपैकी एकाने माघार घेईपर्यंत, ती फाईल खणात निजली होती. मालविकेनेच ती निजवली होती.

बिजाबाई उठली. पदराला हात पुसत, अगदी खालच्या आवाजात, चुकलेल्या मुलाने विचारावं तसं तिने विचारलं, “बाई, मागच्या पावसात तुमी रक्त घ्यायले बोलावलं होतं. नाल्याले पूर होता. मी पोरीले आनलं नाई. म्हनून दवाई रायली का?”

सात महिने! सात महिने या माउलीने तो प्रश्न उरात जपला होता, अंधारात उलटापालटा केला होता, आणि दर वेळी स्वतःलाच दोषी ठरवलं होतं.

उत्तर द्यायचीही गरज नव्हती. नुसती मान खाली घातली असती, तरी पाप नाल्याच्या पुरावर गेलं असतं, आणि डॉ. मालविका दाबके अब्रूनिशी शहरात परतली असती. क्षणभर तिला तसंच करावंसं वाटलं. त्या क्षणाची तिला जी लाज वाटली, तशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आपल्याला आपणच नकोसे करून सोडणारी लाज.

“नाही, बिजाबाई. तुमचं काही चुकलं नाही. औषध तयार होतं. फुलमा त्याने वाचली असती का, ते मला ठाऊक नाही. पण आम्ही दोन डॉक्टर भांडत बसलो. कागदावर पहिलं नाव कुणाचं, यावरून.”

बिजाबाई पाहत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

“मंग आता कोनाचं हाय?”

“माझं,” मालविका म्हणाली.

मग बिजाबाईने डोक्यावर पदर घेतला.

“चला. आनखी चार घरी हायेत अशी लेकरं. तुमाले एकटीले कोनी दार उघडनार नाई.”

आणि ती पुढे चालू लागली. अनवाणी, ताठ, अबोल. मागून मालविका, नतमस्तक, मूक, म्लान. पहिल्याच दाराशी बिजाबाईने कडी वाजवली आणि साऱ्या टोल्याला ऐकू जाईल अशी हाक दिली, “दवाई आली हो! माज्या पोरीले नाई भेटली. तुमी तुमच्या पोराले द्या!”

दार उघडलं. आतून एका लेकराचा किडकिडीत हात पुढे आला, पिवळट, विश्वासाने पसरलेला. मालविकेने संमतिपत्रं खाली ठेवली आणि तो दोन्ही हातांत घेतला.