पट्टी बांधण्याआधीचा चमत्कार

बस आगाराच्या दुरुस्ती शेडमध्ये त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. चालक, वाहक, मेकॅनिक, तिकीट खिडकीवरच्या बायका, सगळे माना उंचावून भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते. दोघेतिघे तर उभ्या बसच्या टपावर चढून बसले होते. पडद्यावर एकच आकडा झळकत होता, हातभर उंचीचा: ०.००३५.

"बघा! डोळे भरून बघा!" तरंगाचार्य गरजले. "हा आकडा मी सांगत नाही, विज्ञान सांगतंय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आकड्याचा अर्थ त्या गर्दीत दोघांनाही ठाऊक नसेल, पण टाळी वाजवायची कोणी बाकी राहिलं नाही. पूर्वीचे बुवा हवेतून राख काढायचे. हे गृहस्थ जरा शिकलेले, हवेतून दशांश चिन्ह काढायचे.

तरंगाचार्यांच्या अंगात पांढरा कोट होता, गालापाशी बारीकसा माइक होता आणि कपाळावर करड्या रंगाची, दोन बोटं रुंद अशी पट्टी होती. तीच ती तरंगपट्टी.

"तुमच्या मेंदूत बारा हजार तरंग आहेत," ते सांगत होते. "त्यातले अकरा हजार घोरत पडलेत! पट्टी बांधली की ते उठतात, तोंड धुतात आणि कामाला लागतात. गेल्या आठवड्यात याच आगारात आम्ही प्रयोग केला. पट्टीवाले तीस चालक, बिनपट्टीचे तीस चालक. पट्टीवाल्यांनी ब्रेक दाबला सरासरी चारशे बारा मिलिसेकंदांत, बिनपट्टीवाल्यांनी चारशे एकाहत्तर! दोन सरासऱ्यांची तुलना करणारी टी-चाचणी लावली. उत्तर तुमच्यासमोर आहे. असा फरक नुसत्या योगायोगाने पडायची शक्यता हजारात चारसुद्धा नाही!"

पुन्हा टाळ्या. मग आगाराचे व्यवस्थापक पुढे आले आणि घसा खाकरून म्हणाले, "तर मंडळी, येत्या एक तारखेपासून प्रत्येक चालकाला पट्टी. आणि पट्टीमुळे थकवा राहणारच नाही, तेव्हा दोन फेऱ्यांमधली विश्रांती नऊ तासांवरून पाच तासांवर आणतोय."

शेवटच्या रांगेत उभी असलेली चाचणीताई टाचा उंचावून पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचू लागली.

मानसशास्त्र शिकून ती चौदा वर्षांपूर्वी या आगारात लागली. तिचं नाव कागदोपत्रीच उरलं होतं, सगळे चाचणीताईच म्हणायचे. आगाराच्या कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत एक खुर्ची होती, खुर्चीखाली बसचा ब्रेक बसवलेला होता आणि समोर तांबडा दिवा. दिवा लागला की चालकाने ब्रेक दाबायचा. मध्ये किती मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे किती हजारावे भाग गेले, ते यंत्र दाखवायचं. प्रत्येक चालकाची महिन्यातून एकदा अशी परीक्षा व्हायची. साठ मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणीही पुरती लवत नाही, पण भरधाव बस तेवढ्यात सव्वा मीटर पुढे जाते. समोर माणूस असेल तर तेवढ्यात सगळं होऊन जातं.

आचार्यांचा प्रयोगही याच खोलीत झाला होता, गट मात्र त्यांनी बाहेरच पाडले होते. आकडे तिने स्वतः नोंदले होते, त्यामुळे ते खरे आहेत हे तिला पक्कं माहीत होतं. तिची पंचाईत नेमकी तिथेच होती. आकडे खोटे असते तर तिने तिथल्या तिथे आवाज उठवला असता.

त्या दुपारी तिचा थोरला भाऊ तिच्या घरी जेवायला आला. तोही याच आगारात चालक होता, दिवसपाळीचा. कपाळावर प्रयोगात मिळालेली पट्टी तशीच होती.

"दादा, जेवताना तरी काढ ती."

"राहू दे गं. डोकं कसं लख्ख झालंय सांगू! आचार्य म्हणाले, तुझं मेंदूभोवतीचं मंडल पहिल्यापासूनच उघडं आहे."

"त्यांना कसं कळलं म्हणे?"

"मनगट धरलं, डोळे मिटले आणि विचारलं, काल स्वप्नात काय पाहिलंस? मी म्हटलं, आपली शाळा दिसली, पाण्यात बुडालेली. लगेच म्हणाले, उजवीकडे जा, पट्टी घे."

"आणि ज्यांना स्वप्न पडलं नाही ते?"

"ते डावीकडे, बिनपट्टीचे. मिशीकाका बिचारे डावीकडे गेले. म्हणाले, स्वप्न कुठलं आचार्य, डोळ्याला डोळा नाही, आत्ताच तर गाडी लावून येतोय. आचार्य म्हणाले, तुझं मंडल बंद आहे. काकांचं तोंड एवढंसं झालं."

वाढता वाढता चाचणीताईचा हात थांबला.

"काय झालं?"

"दादा, स्वप्न कोणाला पडतं रे? जो झोपतो त्याला!"

भावाला आधी उमगलं नाही. उमगलं तेव्हा तो चिडला. "म्हणजे माझ्यात काही विशेष नाही, असंच ना? तुला कधी माझं कौतुक बघवलंच नाही!" अर्धं जेवण टाकून तो उठून गेला. तिला वाईट वाटलं, पण ती त्याच्या मागे गेली नाही. ती तडक आगारातल्या खोलीत परतली.

तिने पाळ्यांचं रजिस्टर काढलं आणि प्रयोगाच्या यादीशेजारी ठेवलं. डावीकडच्या तीस जणांतले सव्वीस त्या सकाळी रात्रभर गाडी चालवून आलेले होते. उजवीकडच्या तिसांत असे फक्त दोघे. बाकीचे घरी झोप काढून, दाढी करून ताजेतवाने आलेले.

तरीही एखादा म्हणेल, झोपेचा परिणाम असेल थोडा, पण पट्टीचाही असेल की. याचं उत्तर हवं होतं. ती बराच वेळ कपाटाकडे बघत बसली आणि मग एकदम उठली. रात्रपाळी तीन-तीन महिने बदलत नसे, आणि रात्रपाळीवाल्यांची मासिक परीक्षा नेहमीच सकाळी, गाडी लावून आल्या आल्या असायची. म्हणजे याच साठ जणांचे गेल्या महिन्याचे आकडे कपाटात होते, तेव्हाचे, जेव्हा तरंगपट्टीचं नावही कोणी ऐकलं नव्हतं!

तिने तेच दोन गट केले, सरासरी काढली, टी-चाचणी लावली. उत्तर बघून ती एकटीच मोठ्याने हसली.

संध्याकाळी व्यवस्थापकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. पट्टीच्या प्रयोगाचा अहवाल तयार होता. खाली चाचणी-विभागाच्या सहीची जागा तेवढी कोरी होती.

"करून टाका सही, मॅडम."

"नाही करणार, साहेब."

"का? टी-चाचणी मान्य नाही तुम्हाला?"

"टी-चाचणी मान्य आहे. तिच्या नावावर जे खपवताय ते मान्य नाही."

व्यवस्थापकांनी पेन टेबलावर आपटलं. "स्टोअररूममध्ये जागा रिकामी आहे. उद्यापासून नट-बोल्ट मोजत बसायचंय का?"

"मोजीन. पण बोल्टला मी नट म्हणणार नाही."

एवढं बोलून ती बाहेर आली आणि गेल्या महिन्याचे आकडे एका कागदावर उतरवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये पट्ट्या वाटायचा कार्यक्रम होता. आचार्यांनी माइक ठाकठीक केला तोच चाचणीताई हातात कागद घेऊन पुढे आली.

"मला दोन मिनिटं बोलायचंय."

"आज कार्यक्रमात भाषण नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"बोलू द्या तिला!" मागून मिशीकाकांचा आवाज आला. "माझं मंडल बंद आहे, कान उघडे आहेत!"

शेड हसली. चाचणीताईने कागद वर धरला.

"आचार्यांनी दोन गट दाखवले. चारशे बारा आणि चारशे एकाहत्तर. माझ्याकडेही दोन गट आहेत. चारशे पंधरा आणि चारशे अडुसष्ट. टी-चाचणीनुसार, इतका मोठा फरक योगायोगाने पडायची शक्यता हजारात सात. आचार्य, हाही चमत्कारच ना?"

आचार्यांचा चेहरा फुलला. "अर्थात! दुसऱ्या आगारातला प्रयोग दिसतोय. तरंग सगळीकडे सारखेच!"

"आगार हेच. माणसं तीच साठ. फक्त आकडे गेल्या महिन्याचे आहेत. तेव्हा पट्टी कोणाच्याच कपाळावर नव्हती."

टपावरचा एक मेकॅनिक ओरडला, "म्हणजे पट्टी बांधायच्या आधीच गुण आला?"

हशा उसळला. आचार्य सावरत म्हणाले, "तरंग काळाच्या पलीकडचे असतात..."

"तरंग असतील पलीकडचे, पण बिनपट्टीचे हे चालक रात्रपाळीचे आहेत," चाचणीताईने आवाज चढवला. "तुम्ही प्रत्येकाला स्वप्न विचारलंत. स्वप्न सांगणारा उजवीकडे, पट्टीत. न झोपलेला डावीकडे, पट्टीशिवाय. गट पट्टीने पडलेच नाहीत, झोपेने पडले! टी-चाचणी बिचारी एवढंच सांगते, की दोन सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. फरक कशामुळे पडला हे तिला विचारून उपयोग नाही. त्यासाठी गट कसे पाडले ते बघावं लागतं. गट नाणं उडवून पाडायचे असतात, म्हणजे झोपलेले, जागलेले, तरुण, म्हातारे दोन्हीकडे साधारण सारखेच विखुरतात. आचार्य, उडवायचं नाणं? आत्ता?"

"तरंग नाण्याचं ऐकत नसतात!"

"पण आम्ही ऐकतो," मिशीकाका पुढे येत म्हणाले. "उडवा."

मग कोणी कोणाला विचारलंच नाही. एकेका चालकासाठी नाणं उडालं. छापा आला की पट्टी, काटा आला की नुसतं कपाळ. एका बाजूचे तीस भरले की उरलेले दुसरीकडे. खोलीबाहेर रांग लागली. आकडे वाचायला तिने मुद्दाम तिकीट खिडकीवरच्या एका बाईला बसवलं, आणि कपाळं दिसू नयेत म्हणून मध्ये पडदा लावला. दुपारपर्यंत साठ जण झाले. पट्टीवाले चारशे एक्केचाळीस. बिनपट्टीचे चारशे अडतीस.

"पट्टीवाले तीनने मागे!" कोणीतरी ओरडलं.

"तसंही म्हणू नका," ती लगेच म्हणाली. "तीनचा फरक योगायोगाने सहज पडतो. पट्टी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पट्टीने काही होतं याचा पुरावा यांच्याकडे नाही, आणि पुरावा द्यायची जबाबदारी यांची आहे. तोवर कोणाची झोप कापू नका."

तरंगाचार्य तेव्हा कुठे होते म्हणाल, तर त्यांच्या गाडीत. पडदा गुंडाळायलाही ते थांबले नाहीत.

तिचा भाऊ रांगेच्या टोकाला उभा होता. त्याने पट्टी सोडली, घडी करून खिशात घातली आणि बहिणीकडे न बघता मिशीकाकांना म्हणाला, "काका, तुमचं मंडल बंद नव्हतं हो. तुम्ही दमला होता."

"सहा वर्षं दमलोय," काका म्हणाले.

विश्रांतीचे तास कापायचा हुकूम मागे घेतला गेला, पण सुखासुखी नाही. चाचणीताईला शिस्तभंगाची नोटीस आली आणि तीन आठवडे तिने स्टोअररूममध्ये खरोखरच नट-बोल्ट मोजले. त्या तीन आठवड्यांत एकाही चालकाने परीक्षेच्या खोलीत पाय ठेवला नाही. या बहिष्कारात भाऊ सगळ्यात पुढे होता. शेवटी व्यवस्थापकांना तिला खोलीची किल्ली परत द्यावी लागली.

किल्ली हातात आली त्या सकाळी तिने खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला. तिच्या अक्षरातला तो मजकूर असा होता:

"कोणी आकडा दाखवून तुम्हाला मान झुकवायला सांगितलं, तर झुकवू नका. विचारा: दोन गट कोणी पाडले? कसे पाडले? सुरुवातीला ते सारखे होते का? पुन्हा करून दाखवाल का, आमच्यासमोर? जो खरं सांगतोय तो या प्रश्नांनी रागावत नाही. विचारायला शिक्षण लागत नाही. विचारा."