खुंटीवरचा कोट

मी एक जुनी खुंटी आहे, मित्रांनो; विधानसभेच्या कोट ठेवण्याच्या दालनातली, खिडकीकडून तिसरी. आमची सकाळ ठरलेली असे. सफाईवाली फरशी पुसून जाई, शिपाई दार उघडी, आणि एकेक आमदार आपापल्या खुंटीला कोट अडकवून सभागृहात शिरे. मग हजेरीचा कारकून येई. माणसे सारखी आतबाहेर करतात, म्हणून कोट पाहायचे, अशी इथली जुनी रीत. ज्याचा कोट खुंटीवर, तो हजर; जो हजर, त्याला त्या दिवसाचा भत्ता.

एका सुताराने मला शिसवीतून घडवले. मी नवी होते तेव्हा पाहुणे माझ्या चकाकीवरून हात फिरवत. पुढे आमदारांना या रीतीतली सोय कळली. जुना कोट टांगून ते आठवडाभर बाहेरगावी जात, आणि आम्ही खुंट्या त्यांची हजेरी सांभाळत असू.

माझे आमदार तसे नव्हते. पूर्वी शिकवत असत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. एका दुपारी त्यांना सभागृहातच ताप भरला. उचलून गाडीत घातले. कोट माझ्यावरच राहिला. त्याच आठवड्यात ते वारले. सभागृह त्यांच्यासाठी दोन मिनिटे उभे राहिले. कोट मात्र कुणी उतरवला नाही. कारकून तो पाही आणि हजेरी लावी.

मग मला काही वेगळे जाणवू लागले. सकाळी दार उघडण्यापूर्वीच कोट उबदार असे, नुकताच अंगावरून काढल्यासारखा. मतदानाची घंटा झाली की तो हलका होई. सभा उठली की पुन्हा जड. पावसात, खिडक्या बंद असूनही, त्याच्या बाह्या ओल्या असत. सफाईवाली माझ्याजवळून अंग चोरून जाऊ लागली.

एके दिवशी मास्तरांची पत्नी आली. घर आता मास्तरांमागे तिला मिळणाऱ्या पेन्शनवर चालायचे होते, आणि ती पेन्शन सुरूच होत नव्हती.

“वहिनी, पेन्शन माणूस गेल्यावर मिळते,” कारकून म्हणाला. “मास्तर तर रोज हजर आहेत.” मग त्याने आवाज खाली आणला. “राहू द्या ना कोट. भत्ता पेन्शनच्या दुप्पट आहे. बाकीचे कोट तरी कुठे माणसासकट येतात?”

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कोटावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. मग पुन्हा ठेवला, आणि तसाच राहू दिला.

“पुरे झालं आता,” ती कोटाला म्हणाली. “चला घरी.”

हाती निम्मेच येईल, याची कारकुनाने पुन्हा आठवण करून दिली.

“निम्म्यात भागवू,” म्हणत तिने कोट उतरवून हातावर घेतला.

मित्रांनो, निघताना आपली वस्तू आठवणीने सोबत न्या. मागे राहिलेली वस्तू आपल्या नावाने उभी राहते. तिला कुणी ‘आता पुरे’ म्हणत नाही.

शिपाई दारातून सारे पाहत होता. त्या संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी, कुणालाही न विचारता, त्याने मागे उरलेले सगळे कोट उतरवून बाकावर रचले. रचताना प्रत्येकाच्या आत हात घालून पाहिला.

एकही उबदार नव्हता.